ब्रिंग, टेक आणि पानबाईंचा वाडगा

उसाच्या कडेनं जाताना बिबट्या दिसला तर ते 'सी'. बिबट्या आहे का म्हणून बॅटरी मारून बघत बसलात तर ते 'लुक'. 'सी'ला तुमची काही मेहनत नाही, डोळे उघडे असले की झालं. 'लुक'ला मान वळवावी लागते, आणि ज्याच्याकडं बघायचं त्याच्याआधी 'ॲट' लावावा लागतो. कळंबच्या कल्याणीबाई हे असं सांगायच्या, की शाळा सुटून जमाना झालेल्या बायकाही ते विसरत नसत. त्यावर त्यांच्यातली अमृता हमखास विचारायची, "आन् बाई, बिबट्यानं आपल्याकडं बघितलं तर?"

"तर पळा," कल्याणी म्हणायची. "पळताना व्याकरण नको."

कल्याणी चाळिशीची. मंचरच्या कॉलेजात बी.ए. झाली, मग डी.एड. केलं, आणि शिक्षक भरतीची वाट बघता बघता वय निघून गेलं. एवढं शिकून घरी बसली म्हणून हळहळणारे पुष्कळ होते, तिला एक वर्ग मिळवून देणारा कुणी नव्हता. दरम्यान गावाचं वळण बदललं. आता सकाळी पिवळ्या बसा हॉर्न मारत येतात, टाय लावलेली पोरं गोळा करतात आणि संध्याकाळी पोरांबरोबर पोतंभर इंग्रजी घरी पाठवतात. बाप कांद्याच्या नाहीतर दुधाच्या मागं. अभ्यास घ्यायला उरते आई, आणि तिचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी येऊन बसकण मारतं. अशा आयांसाठी कल्याणीनं स्वतःच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. वेळ दुपारची, खुरपणीनंतरची आणि धारा काढायच्या आधीची.

तिची रीत एकच. रोज एक जोडी. एकमेकींसारखे दिसणारे दोन शब्द घ्यायचे आणि त्यांची भांडणं लावायची. 'से' आणि 'टेल' घ्या. दोन्ही बोलण्याचेच. पण 'से' स्वतःशी पुटपुटलं तरी चालतं. 'टेल'ला समोर माणूस लागतो, टेल मी, टेल हर, टेल युवर मदर. "'टेल'ला एकटं करमत नाही," ती म्हणायची, आणि बायका वहीत तसंच उतरवून घ्यायच्या.

हे घर विहाराशेजारच्या गल्लीत. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंजी, आतल्या खोलीच्या दाराशी सासूची खाट. सासू बायडाबाई, ऐंशीच्या घरातली. डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, कान मात्र मांजराचे. नवरा समाधान, त्याचं हायवेला मोटार रिवायंडिंगचं दुकान. घर सुखाचं होतं. तरी क्लास सुरू केला तेव्हा कल्याणीला एक भीती होती, आणि ती इंग्रजीची नव्हती. बाजारपेठेतल्या, मळ्यातल्या बायका या गल्लीत येऊन सतरंजीवर बसतील का, ही ती भीती. तोंडावर कुणी काही म्हणत नाही हल्ली. हल्ली लोकांना फक्त वेळ नसतो.

पहिला महिना गल्लीतल्याच पोरी आल्या. मग एके दुपारी पानबाई आल्या.

पानबाई म्हणजे जवरीलाल शेठची बायको. त्यांचं किराणा दुकान पेठेत, मागं पिठाची गिरणी. आजेसासरे कधीकाळी राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी, दारात मराठी, आणि चिडल्यावर दोन्ही. गिरणीची मोटार जळाली, समाधाननं ती दुरुस्त करून बसवली, बोलता बोलता बायकोच्या क्लासचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी साठीतल्या पानबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या.

"पुण्यात माझा पोरगा अंकित आन् सून खुशबू, त्यांची पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "फोनवर दादी दादी करून इंग्लिशमधी बोलती. मी येस येस करते. परवा म्हटली, दादी, तू समजून न घेताच येस म्हणती. लई लागलं मला. शिकवाल का, मॅडम?"

आणि चपला काढून त्या थेट सतरंजीवर बसल्या. कल्याणीला ते बसणं अजून आठवतं. पुढच्या आठवड्यात पेठेतल्या आणखी बायका आल्या, मग मळ्यातून अमृता आली, बरोबर दोन जावा घेऊन. शेठची बाई जाते तर आपल्याला काय झालं, हा सरळ हिशोब. क्लास भरला तो पानबाईंमुळं, हे कल्याणी जाणून होती. पानबाई उठल्या तर त्यांच्यामागं किती जणी उठतील हेही तिला कळत होतं. पण खरं सांगायचं तर तिला क्लासपेक्षा पानबाईच जास्त हव्या होत्या. आई लवकर गेलेल्या बाईला असं एखादं माणूस सापडलं की ती ते जिवापाड धरून ठेवते.

पानबाई येताना कधी रिकाम्या हातानं यायच्या नाहीत. एक स्टीलचा वाडगा, त्यावर झाकण, बाजूला बारीक ठिपक्यांत नाव कोरलेलं, 'पानबाई जवरीलाल'. त्यात कधी चुरमा, कधी त्यांच्या राजस्थानातली केर-सांगरीची भाजी, कधी मुगाचा शिरा. घरात सगळे मिटक्या मारत खायचे, अगदी बायडाबाईसुद्धा. कल्याणी मग तो वाडगा चिंचेनं आणि राखेनं असा घासायची की त्यात तोंड दिसावं, आणि दुसऱ्या दिवशी क्लास सुटताना परत द्यायची. स्वच्छ, कोरडा, रिकामा.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि या गल्लीतही ती तशीच पाळली जाते. मूठभर शेंगा टाका, चार मिरच्या टाका, काही नसलं तर साखरेची चिमूट टाका, पण टाका. कल्याणीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण या घरात गल्लीबाहेरच्या भांड्यांसाठी एक वेगळा नियम होता, आणि तो बायडाबाईनं घालून दिलेला होता.

समाधान जन्मला त्या वर्षी बायडाबाई एका मोठ्या बागायतदाराकडं खुरपायला जायची. मालकिणीनं बाळंतिणीसाठी म्हणून वाटीभर खीर दिली. बायडाबाईला भरून आलं. आखाडाचे दिवस होते. तिनं घरात होता नव्हता तो गूळ काढला, कापण्या तळल्या, त्यातल्या निवडून निवडून खरपूस कापण्या त्या वाटीत भरल्या आणि नेऊन दिल्या. मालकीण हसून "कशाला गं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई गोठ्यात शेण भरायला गेली तर म्हशीच्या घमेल्यात, भिजलेल्या पेंडीत, तिच्या कापण्या तरंगत होत्या. ती कामाला लागली. शेण भरलं, दिवसभर खुरपलं, घरी आली. सांगताना आजही तिचा आवाज चढत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मात्र अंगाचा तिळपापड होतो.

"त्यांचं भांडं रिकामं द्यायचं," ती सुनेला सांगायची. "रिकामं दिलं की कुणाला टाकाय काय उरत न्हाई."

शिवाय पानबाई स्वतःची पाण्याची बाटली आणायच्या. त्यांच्या जैनांत पाणी उकळून पितात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिवस मावळल्यावर खायचं नाही, जमिनीखालचे कंद खायचे नाहीत, पाणी उकळून प्यायचं. कल्याणीनं ते मानलं होतं. बायडाबाईनं मानलं नव्हतं. "पाण्याला बी धरम असतू व्हय?" ती खाटेवरून म्हणायची. "आपलं पानी चालत न्हाई म्हन की सरळ." कल्याणीला ते पटायचं नाही, तरी वाडगा ती रिकामाच द्यायची. शंभरात एक वाटा का होईना, सासूचं खरं निघालं तर? ते बघायची तिची छाती नव्हती.

आखाडातल्याच एका दुपारी तिनं 'ब्रिंग' आणि 'टेक' ही जोडी घेतली. बाहेर बारीक भुरभुर चालू होती, शेतात वाफसा नव्हता, त्यामुळं सगळ्या जणी हजर. कल्याणी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.

"दोन्हींत वस्तू हातात असते," ती म्हणाली. "फरक एवढाच, की कोण कुठं उभं आहे. वस्तू माझ्याकडं येत असली तर ब्रिंग. आपण म्हणतो, घेऊन ये. माझ्यापासून लांब चालली तर टेक. घेऊन जा. ब्रिंग द नोटबुक हिअर. टेक द अम्ब्रेला देअर."

"मंग पोराच्या मॅडम फोनवर ब्रिंग टिफिन म्हनत्यात ते बरोबर?" अमृतानं विचारलं.

"बरोबर. त्या शाळेत उभ्या आहेत, डबा त्यांच्याकडं यायचाय. तू घरात उभी राहून पोराला म्हणशील, टेक युवर टिफिन. डबा तोच, पोरगं तेच."

मग झालेल्या काळाची रूपं सांगितली. ब्रिंगचं ब्रॉट, टेकचं टुक. विकत घेतलं ते बॉट, त्यात 'र' नाही, त्याची यात सरमिसळ करू नका. टेकला बाकी शंभर उद्योग. औषध टेक, फोटो टेक, अंघोळसुद्धा टेक. "ब्रिंग बिचारी एकमार्गी आहे," कल्याणी म्हणाली. "टेक सगळ्या गावाच्या पंचायती करते." बायका हसल्या.

तेवढ्यात शेजारची सखूबाई दारात आली. आदल्या दिवशी तिनं मासवडी पाठवली होती, त्या भांड्यासाठी. कल्याणीनं क्लास तसाच ठेवून आत जाऊन भांडं आणलं, शिंकाळ्याखालच्या टोपलीतल्या ओंजळभर शेंगा त्यात ओतल्या आणि दिलं. सखूबाई गेली. कल्याणी परत उंबऱ्यावर आली, आणि हाताशी होता म्हणून पानबाईंचा घासलेला वाडगाही आणून त्यांच्यापुढं ठेवला.

"आता एकेकीनं स्वतःच्या मनानं वाक्य करा," ती म्हणाली. "ब्रिंगचं एक, टेकचं एक."

अमृतानं नवऱ्याला बाजारात पाठवून काय काय आणवलं ते सांगितलं. दुसरीनं म्हैस डॉक्टरकडं नेली. मग पानबाईंची पाळी आली. त्या वाडग्याकडं बघत होत्या.

"आय ब्रिंग फुल बाऊल," त्या सावकाश म्हणाल्या. "आय टेक एम्प्टी बाऊल. एव्हरी टाइम."

कल्याणी शिक्षकी तंद्रीत होती. "वा, काकी! फक्त आधी 'अ' राहिला. अ फुल बाऊल. ॲन एम्प्टी बाऊल."

"ॲन एम्प्टी बाऊल," पानबाईंनी दुरुस्त करून म्हटलं.

तेव्हा कुठं कल्याणीला त्या वाक्याचा अर्थ ऐकू आला. पानबाईंनी पदर सारखा केला, वाडगा काखेत घेतला, "येते मॅडम" म्हणाल्या आणि भुरभुरीत निघून गेल्या. छत्री दारातच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. नंतरही आल्या नाहीत. पेठेतल्या बायका एकेक करून कारणं सांगू लागल्या. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची कंबर. अमृता मात्र आली, आणि तिनं आडपडदा ठेवला नाही.

"बाई, रागवू नगा," ती म्हणाली. "भांडं रिकामं देनं म्हंजी आता येनंजानं बास, आसं आमच्यात बी धरत्यात. सखूबाईला शेंगा दिल्या आन् त्यांच्यापुढं रिकामं भांडं ठिवलं. समद्यांच्या म्होरं. आमी बी बघितलं की."

कल्याणीला त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीची तिनं धास्ती घेतली, तीच तिनं स्वतःच्या हातानं दुसऱ्या बाईला करून दाखवली होती. तुम्ही आमच्यातल्या नाही, असं त्या लख्ख वाडग्यानं प्रत्येक वेळी सांगितलं होतं, आणि ती बाई तरीही पुढच्या वेळी भरून आणत होती. तिला स्वतःची लाज वाटली. सकाळी उठून तिनं परातीत कणीक घेतली आणि गूळ भिजत घातला.

बायडाबाईला वासावरूनच कळलं. "काय चाललंय?"

"कापण्या करते, आत्या. पानबाई काकींना."

बायडाबाई म्हणाली, "टाकत्याल. मी घमेल्यात बघितल्या व्हत्या. तू कुटं बघशील?"

"बघू," कल्याणी म्हणाली. "पण मी नाही दिल्या, तर टाकणारी मीच ठरते ना."

दुपारी क्लास आटोपून पहिला घाणा निघाला तेव्हा म्हातारीनं हात पुढं केला. एक कापणी घेऊन बोटांनी चाचपली, उरल्यासुरल्या दातांनी मोडून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "मोहन कमी पडलं. दगड झाल्यात. असलं देनार व्हय लोकांच्या घरी? परत मळ." कल्याणीनं परत मळलं. या खेपेला म्हातारी पाट टाकून शेजारी बसली, तेल किती तापलं ते हात वर धरून सांगत राहिली, आणि दोन्ही घाणे तिच्या मनासारखे होईपर्यंत दिवस कलला. खसखस लावलेल्या खरपूस कापण्या एका पातेलीत भरून, राहिलेली छत्री घेऊन कल्याणी पेठेत पोचली तेव्हा दुकानांत दिवे लागले होते.

जवरीलाल शेठ गल्ल्यावर होते. "मॅडम, आत जा, घरीच हाय," एवढंच म्हणाले. पानबाई मागच्या चौकात बसल्या होत्या. कल्याणीला बघून उठल्या.

कल्याणीनं प्रस्तावना केली नाही. उभ्या उभ्या तिनं बायडाबाईच्या कापण्यांची, त्या घमेल्याची गोष्ट सांगून टाकली. वाडगा रिकामा का जायचा ते सांगितलं.

तिला वाटलं होतं पानबाई म्हणतील, छे छे, आमच्यात असलं काही नाही. तसं म्हणणारे तिनं आयुष्यभर ऐकले होते.

"माझ्या सासूबाईंनी बी टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, बेटा? आन् त्या वेळेला मी सून व्हते. त्या टाक म्हटल्या असत्या तर मीच नेऊन टाकलं असतं."

मग पानबाईंनी तिच्या हातातली पातेली घेतली, आतून आपला वाडगा आणला आणि कापण्या त्यात ओतून घेतल्या. एक उचलून नाकाशी धरली, आणि परत ठेवली.

"दिवस बुडाला," त्या म्हणाल्या. "उद्या खाईन."

रिकामी पातेली घेऊन कल्याणी घरी आली. बायडाबाई जागीच होती, दाराकडं तोंड करून. "खाल्ल्या?"

"दिवस मावळला होता, आत्या. उद्या खाईन म्हणाल्या."

"उद्या," बायडाबाई म्हणाली, आणि भिंतीकडं कूस बदलली. त्या पाठीकडं बघून कल्याणीला वाटलं, या बाईच्या कापण्या दुसऱ्यांदा घमेल्यात गेल्या, आणि या खेपेला आपल्या हातानं. पानबाई खातीलही. पण हिला ते कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ही विश्वास कशावर ठेवणार?

सकाळी चहाची भांडी अजून चुलीशीच होती, समाधान दुकानाला निघायच्या बेतात होता, तेव्हा दारात चपला वाजल्या. क्लासची वेळ नव्हती. पानबाई आत आल्या त्या सतरंजीच्या जागी थांबल्याच नाहीत. सरळ आतल्या दाराशी गेल्या आणि बायडाबाईच्या खाटेला टेकून जमिनीवर बसल्या. काखेतून वाडगा काढला, झाकण उघडलं. दोन-चार कमी असतील, बाकी कापण्या तशाच होत्या.

"मावशी, मी पानबाई," त्या म्हणाल्या. "चार आमच्या शेठसाठी ठेवल्यात. मी अजून तोंडात घातली न्हाई. घरी खाल्ली असती तर तुमाला कसं कळलं असतं? म्हटलं, तुमच्या म्होरं खाते."

बायडाबाई उठून बसली. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिनं मान पुढं काढली. पानबाईंनी कापणी तोंडात घातली. कुडुम आवाज झाला. मग चावण्याचा. बायडाबाई तो ऐकत राहिली. दुसरी कापणी मोडली, तिसरी मोडली.

"बऱ्या झाल्यात का?" तिनं विचारलं.

"लई खुसखुशीत. खसखस कुणी लावली?"

"मी," बायडाबाई म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं. "आनखी हायेत त्यात?"

"हायेत की."

"मग खा. सावकाश खा. कल्याणे, हिला पानी दे. साधं न्हाई, उकळलेलं लागतं तिला, ठाव न्हाई का तुला?"

कल्याणी पदरानं तोंड पुसत चुलीकडं गेली. समाधान दारात पायात एक चप्पल घालून उभा होता, दुसरी घालायची त्याला सुचेना. पाणी उकळून, गार करून येईपर्यंत त्या दोघी काय बोलत होत्या ते कुणी नीट ऐकलं नाही. वाडग्यातली शेवटची कापणी दोघींनी अर्धी अर्धी केली.

पानबाई उठल्या तेव्हा कल्याणीनं खालून रिकामा वाडगा उचलला आणि नेहमीच्या सवयीनं मोरीकडं वळली.

"कल्याणे," खाटेवरून बायडाबाईची हाक आली. "घासत नगं बसू. डब्यात उरलेल्या कापण्या हायेत, त्या घाल त्यात. रिकामं नगं देऊ."